अण्णांच्या टेबलावरच्या दुर्बिणी



राजवाडा, सराफा, पोहे-जलेबी, होळकरांचा काळ यांवर इथे पुष्कळ जणांनी छान लिहिलंय. मी आज जरा निराळ्या वस्तूवर लिहिते. रायफलीवर लावतात ती दुर्बीण, म्हणजे स्कोप. मराठी बामणाच्या घरात हे कुठून आलं म्हणाल, तर सांगते.

आमचे पणजोबा कारकुनीसाठी होळकर संस्थानात आले आणि इंदूरचेच झाले. माझे वडील, अण्णा, महूच्या छावणीत फौजेच्या वर्कशॉपमध्ये सिव्हिलियन इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक होते. 1818 च्या मंदसौरच्या तहानंतर इंग्रजांनी वसवलेली ही छावणी. इन्फन्ट्री स्कूल तिथेच, आणि लंडन ऑलिंपिकला 2012 मध्ये पिस्तुलात रौप्यपदक मिळवणारे विजय कुमार तयार झाले ते आर्मी मार्क्समनशिप युनिटही तिथलंच. अण्णा राजेंद्रनगर स्टेशनावरून रोज मीटरगेजच्या गाडीनं महूला जायचे. डब्यात मराठी, वर्कशॉपात हिंदी, साहेबांशी इंग्रजी. 1996 ला रिटायर झाले आणि मागच्या खोलीत एक टेबल मांडून बसले. दारावर पाटी नव्हती, पण माणसं बरोबर यायची.

यायचे कोण? कॉलेजांचे डंपी लेव्हल आणि मायक्रोस्कोप यायचे. रिटायर्ड फौजी आपल्या दुर्बिणी आणायचे. एअर रायफलचा शौक असलेली पोरं यायची. आणि धार-देवासकडच्या जुन्या घरांतून शिकारीच्या स्कोप यायच्या. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली, रायफली कपाटात गेल्या, पण आजोबांची आठवण म्हणून दुर्बीण नीट ठेवावी असं लोकांना वाटायचं. फक्त स्कोप आणा, हत्यार घरी ठेवून या, हा अण्णांचा नियम.

एक गैरसमज आधी काढते. ऑलिंपिकच्या रायफल स्पर्धेत रायफलीवर दुर्बीण चालत नाही. आपल्या कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये 50 मीटर थ्री पोझिशनचं कांस्य मिळवलं, ते बारीक भोकाच्या साइटमधून बघून. घुंडी फिरवून टिक-टिक करत नेम सरकवायचा प्रकार मात्र दोन्हीकडे सारखाच.

आता ती घुंडी करते काय? लहानपणी मला वाटायचं, घुंडी फिरवली की आतली फुली सरकते. जुन्या स्कोपमध्ये खरोखर तसंच होतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश नंबर 32 स्कोपमध्ये घुंडी फिरवली की खूणच सरकायची आणि गोलाच्या मध्यावरून बाजूला गेलेली दिसायची. नंतरच्या स्कोपमध्ये मोठ्या नळीच्या आत एक लहान नळी आली. पुढच्या भिंगातून चित्र उलटं येतं, ते सुलटं करणारी भिंगं या आतल्या नळीत असतात. तिचं मागचं टोक धरलेलं, पुढचं मोकळं. वरून एक स्क्रू दाबतो, बाजूनं दुसरा, आणि समोरून स्प्रिंग रेटत असते. आपण घुंडी फिरवतो तेव्हा ही आतली नळी कलते. फुली मात्र डोळ्याला कायम मध्यावरच दिसते.

अण्णा म्हणायचे, "गंमत इथेच आहे बेटा. फुली मध्यावर दिसून राहिली म्हणून सगळं मध्यावर आहे असं समजू नये."

कारण नळी कलली की आपण पुढच्या भिंगानं केलेल्या चित्राचा मधला भाग सोडून कडेचा भाग बघायला लागतो. कुठल्याही भिंगाचा मध्य सगळ्यात स्वच्छ असतो. कडेला रंग फुटतात, विजेच्या तारेला जांभळी-हिरवी किनार दिसते, अक्षरं फाकतात. महागड्या काचेत हे कमी, स्वस्त काचेत जास्त, पण थोडं तरी असतंच. म्हणजे जितकी घुंडी टोकाला नेली तितकी काचेची किंमत वाया गेली.

हिशोब मिनिटांत चालतो. एका अंशाचे 60 भाग, त्यातला एक म्हणजे एक मिनिट. शंभर मीटरवर एक मिनिट म्हणजे साधारण 29 मिलिमीटर. पाव मिनिटाची एक टिक असेल तर एका टिकेला नेम सात मिलिमीटरच्या आसपास सरकतो. समजा स्कोपला वर-खाली मिळून 60 मिनिटांची रेंज आहे. मध्यावरून 30 वर आणि 30 खाली. .308 च्या रायफलीला शंभर यार्डावरून हजार यार्डावर जायला साधारण 38 मिनिटं वर चढावं लागतं. तीसच शिल्लक आहेत. संपलं.

मग लोक म्हणतात, मोठ्या रेंजची स्कोप घ्या. एक इंची नळीऐवजी 30 मिलिमीटरची, नाहीतर 34 ची. आतल्या नळीला हलायला जागा जास्त मिळते, हे खरंच आहे. जाड नळीनं उजेड जास्त येतो असं दुकानदार सांगतात ते मात्र खरं नाही. उजेड ठरतो पुढच्या भिंगानं, मोठं करण्याच्या पटीनं आणि काचेवरच्या लेपानं. बिनलेपाच्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावर सुमारे चार टक्के उजेड परत फिरतो. आठ भिंगं असली तर सोळा पृष्ठं, म्हणजे जेमतेम निम्मा उजेड पार पोहोचतो. 1935 मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलानं लेपाचं पेटंट घेतलं, आणि आजच्या चांगल्या अनेक थरांच्या लेपानं त्याच सोळा पृष्ठांतून नव्वद टक्क्यांवर उजेड येतो. आजोबांची शिकारी स्कोप दिवेलागणीला आंधळी का होते, त्याचं एक मोठं कारण हे.

अण्णांचा उपाय निराळा होता. घुंडीवर ताण देऊ नका, बैठकीत कल द्या. रायफलीवर स्कोप जिच्यावर बसते ती पट्टीच मागून किंचित उंच करायची. 20 मिनिटांचा कल म्हणजे दहा सेंटीमीटरला जेमतेम 0.58 मिलिमीटर. इतक्यानं काय होतं बघा. शंभर यार्डाचा नेम मध्याच्या 20 मिनिटं खाली बसतो आणि हजार यार्डाचा 18 मिनिटं वर. दोन्ही कामं मध्याच्या आसपासच होतात. रेंज तेवढीच, काच तीच, पण चांगला भाग कामाला आला. शिवाय रेंज गोल असते. पूर्ण 30 वर चढलात की डावी-उजवीकडे काहीच उरत नाही. 18 वर असाल तर दोन्ही बाजूंना हिशोबानं 24 मिनिटं मिळतात. वारा काय आपल्याला विचारून वाहतो?

राऊचा एक पोरगा एअर रायफलची स्कोप घेऊन आला होता, "काका, दुसरी घ्यावी लागेल का?" म्हणत. छर्रे आज इथे, उद्या तिथे. अण्णांनी घुंडी मोजली तर ती वरच्या टोकाला टेकलेली. स्क्रू इतका बाहेर आला होता की आतली स्प्रिंग ढिली पडून नळी दर धक्क्याला हलत होती. पुष्कळ एअर रायफलींची नळी मुळातच जरा खाली झुकलेली असते, म्हणून ही वेळ येते. पोरानं आधी मागच्या रिंगेखाली कोकाकोलाच्या डब्याचा पत्रा घालून बघितला होता. अण्णांनी तो काढला, कारण जाड पत्र्यानं स्कोपची नळीच वाकते. त्याऐवजी पट्टी घासून तिरकी करून दिली. पैसे घेतले साठ रुपये. नवी स्कोप त्याला हजारांत पडली असती.

मध्य शोधायची त्यांची पद्धत मला फार आवडायची. सागवानाच्या दोन ठोकळ्यांना इंग्रजी व्हीसारख्या खाचा केलेल्या. त्यांत स्कोप ठेवायची, गच्चीवरून लांबच्या पाण्याच्या टाकीवरची एक खूण धरायची, आणि स्कोप जागच्या जागी अर्धी फिरवायची. फुली खुणेवरून हलली तर मध्य चुकलाय. जितकी हललेली दिसते त्याच्या निम्मीच दुरुस्त करायची. कारण फिरवल्यावर चूक दोन्ही बाजूंनी मोजली जाते, दिसते ती दुप्पट. जुन्या वाय लेव्हलची दुरुस्ती सर्वेवाले असंच करत. "पूर्ण दुरुस्त करायला गेलं की दुसऱ्या बाजूला चुकतं," असं अण्णा म्हणायचे. आमच्या घरातली भांडणंही ते याच हिशोबानं मिटवायचे, आणि दोन्ही पार्ट्या नाराज व्हायच्या.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

2008 च्या सुमारास अण्णांच्या वहीत एकच शेरा वारंवार यायला लागला. त्यांची लांब लाल वही होती. तारीख, गिऱ्हाईक, वस्तू, दोष, उपाय, पैसे. "काच धुकट." "आत बुरशी, उपाय नाही." "लेप गेला." मालव्यात पावसाळ्यात बुरशी धरते हे खरंच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. आई फक्त एकदा म्हणाली, "हल्ली सगळ्यांच्याच काचा खराब होऊन राहिल्या वाटतं." अण्णा काही बोलले नाहीत.

2009 च्या दिवाळीला मी वडोदऱ्याहून माहेरी आले होते. देवासचे एक वयस्क गृहस्थ जर्मन स्कोप देऊन गेले होते. मखमलीच्या पेटीत, इतकी जपलेली की नळीवर ओरखडा नाही. अण्णांनी गच्चीवर ठोकळ्यांत ठेवली, बघितली, आणि म्हणाले, "हीसुद्धा गेली. मधोमध धुकं आहे." मला म्हणाले, बघ. मी बघितलं. टाकीवरचा गंज दिसत होता, गंजाखालचा जुना रंग दिसत होता. मी म्हटलं, "अण्णा, मला तर स्वच्छ दिसतंय."

त्यांनी परत डोळा लावला. मग सवयीनं हात गेला आणि त्यांनी स्कोप अर्धी फिरवली. थांबले. परत फिरवली, पाव, अर्धी, पाऊण. दोष काचेत असेल तर तो काचेबरोबर फिरायला हवा. बुरशीचा डाग वर असेल तर खाली यायला हवा. धुकं जागचं हललं नाही. मग त्यांनी उजव्याऐवजी डावा डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले.

"काच ठीक आहे," म्हणाले, आणि पेटी बंद केली.

वहीत त्यांनी त्या दिवशी लिहिलं, "काच निर्दोष. पैसे नाहीत." खाली एक रेघ मारली आणि त्यानंतर काम घेणं बंद केलं. माणसं यायची, आई सांगायची की बरं नाहीये. पैशाचा प्रश्न नव्हता, पेन्शन होती. पण सकाळी नऊ वाजता टेबलाशी बसणारा माणूस नऊ वाजता अंगणात नुसता उभा राहायचा. आईला तेच बघवत नव्हतं.

मोतीबिंदू होता, उजवीकडे जास्त, डावीकडे कमी. ऑपरेशन साधं आहे हे सगळ्यांना माहीत होतं, अण्णांनाही. त्यांची भीती दुसरी होती. लहान मुलाचा डोळा हाताच्या अंतरापासून चंद्रापर्यंत क्षणात जुळवून घेतो, कारण आतलं भिंग आकार बदलतं. साठीपर्यंत ती ताकद जवळजवळ संपते. बसवलेलं भिंग तर बदलतच नाही. अण्णांच्या भाषेत, घुंडी कायमची जाम.

डॉक्टरांनी दोन प्रकार सांगितले. साध्या भिंगात एकच अंतर स्वच्छ, बाकीला चष्मा. महागड्या, अनेक अंतरांच्या भिंगात दूरचं आणि जवळचं दोन्ही, चष्मा बहुधा नकोच. माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणाला, "अण्णा, पैशांकडे बघू नका, महागडंच घ्या." माझंही मत तेच होतं. बापासाठी स्वस्त कोण निवडेल?

अण्णांनी डॉक्टरांना विचारलं, "एकाच भिंगातून दोन अंतरं दिसतात, तर उजेड वाटला जात असेल ना?" डॉक्टर हसले, म्हणाले, हो. मग कागदावर वर्तुळं काढून दाखवली. उजेड दोन्हीकडे वाटला जातो, म्हणून काळ्या-पांढऱ्यातला फरक थोडा मंदावतो, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. बहुतेकांना त्याचं काही वाटत नाही, सवय होते.

"मला वाटेल," अण्णा म्हणाले. "मला रेंज नको, काच चांगली द्या. जवळचं बघायला चष्मा लावेन, टेबलावर भिंग आहेच."

भाऊ चिडला. म्हणाला, तुम्ही काटकसर करून राहिलात आणि नाव काचेचं घेताय. अण्णा त्याला शांतपणे म्हणाले, "अरे, ही पण बैठकच आहे. आधी ठरवायचं, जास्त वेळ बघायचं कुठं आहे. ते मध्यावर आणायचं. बाकीच्यासाठी चष्मा." त्यांनी उजवा डोळा दूरसाठी ठेवला. मोतीबिंदूत बसवायचं पहिलं भिंग लंडनला 1949 मध्ये हॅरॉल्ड रिडलींनी बसवलं होतं. युद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे तुकडे गेले आणि तरी डोळ्यानं ते नाकारले नाहीत, यावरून त्यांना ते सुचलं. ही गोष्ट डॉक्टरांनी सांगितली तेव्हा अण्णा पहिल्यांदा मोकळे हसले. म्हणाले, "म्हणजे तेही मेकॅनिकच."

पट्टी काढल्यावर त्यांना सगळ्यात आधी निळा रंग दिसला. पिवळट पडलेलं भिंग गेलं की असं होतं म्हणे. आईच्या जुन्या लुगड्याकडे बघून म्हणाले, "हे इतकं निळं होतं?"

आठवड्यानं मला वाटलं, आता टेबल परत सुरू होणार. झालं, पण आधी त्यांनी लाल वही काढली. 2007 च्या शेवटापासूनची पानं. जिथे जिथे "काच धुकट", "बुरशी, उपाय नाही" लिहिलं होतं तिथे पेन्सिलीनं टीक. अकरा नावं निघाली. मग फोन आणि ज्यांचा फोन नव्हता त्यांना पोस्टकार्ड. मजकूर सगळ्यांना एकच होता. त्या वेळी माझ्या डोळ्यात दोष होता, तुमच्या काचेत नसावा. कृपया वस्तू परत आणावी, तपासणी विनामूल्य करीन.

आई म्हणाली, "कशाला स्वतःहून सांगता? लोकांना काय कळणार होतं?" अण्णा म्हणाले, "त्यांना नाही कळणार म्हणूनच सांगायचं."

सात जण आले. त्यातल्या दोघांच्या काचेत खरोखर बुरशी होती, पाच स्वच्छ निघाल्या. दोन पोस्टकार्डं परत आली. एकानं उत्तर दिलं नाही. अकरावा धारचा होता, पन्नाशीचा. तो आला तेव्हा हात रिकामे होते. "उपाय नाही" ऐकून त्यानं वडिलांची स्कोप भंगारवाल्याला देऊन टाकली होती. तक्रार केली नाही त्यानं, "जाऊ द्या काका" म्हणाला. अण्णांनी आतून स्वतःची दुर्बीण आणली, रिटायर होताना वर्कशॉपच्या मित्रांनी दिलेली. म्हणाले, "वडिलांची नाही देऊ शकत. ही ठेवा." तो नको नको म्हणत होता. शेवटी घेऊन गेला. त्या संध्याकाळी अण्णा जेवले नाहीत.

त्यानंतर 2016 पर्यंत त्यांनी काम केलं. फक्त एक बदल झाला. कुठलीही काच बाद ठरवायच्या आधी ते ती फिरवून बघायचे, मग आईला किंवा शेजारच्या पोराला बोलावून बघायला लावायचे. वहीत एक नवा रकाना आला, "दुसरा डोळा". त्यात कधी आईचं नाव, कधी दूधवाल्याचं. 2019 मध्ये अण्णा गेले. वही माझ्याकडे वडोदऱ्याला आहे, ठोकळे भावानं पुण्याला नेले.

तुमच्यापैकी कुणाच्या माळ्यावर आजोबांची दुर्बीण किंवा स्कोप पडली असेल तर भंगारात देऊ नका. आधी घुंड्या मध्यावर आणा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत टिका मोजायच्या आणि निम्म्यावर थांबायचं, जोर लावायचा नाही. मग लांबच्या एखाद्या खुणेवर धरून फिरवा. डाग फिरला तर काचेत आहे, चांगल्या कारागिराकडे न्या. डाग जागेवरच राहिला तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्या घरात नजरेच्या कामावर जगलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, शिंपी, सोनार, घड्याळजी, आणि ते हल्ली सगळा मालच खराब येतो म्हणत असेल, तर त्यांच्याशी वाद घालू नका. त्यांच्या शेजारी बसा आणि तीच वस्तू तुम्हीही एकदा बघा.